काठावरचं चुनाळं

झुए मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमच्या संग्रहालयात दोनच गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक दोनशे वर्षांचा नांगर आणि दुसरं आमच्या लुआचं तोंड." नांगराचं खोटं आहे. तो माझ्या चुलतसासऱ्यांचा, सत्तर वर्षांच्या वर एक दिवस नाही. तोंडाचं मात्र खरं. आठ वर्षं झाली, मी इथे बोलायचंच काम करते. इरलं कसं विणायचं, टोपलीत शिरलेला वाम मासा मागे का फिरत नाही, भात कांडता कांडता सुनेनं डुलकी कशी काढायची, सगळं सांगते. शहरातल्या बायका हसून हसून डोळे पुसतात. मास्तरांनी हे सगळं जमवायला घेतलं तेव्हा गाव त्याला भंगारघर म्हणायचं; आता बसगाड्या येतात तेव्हा तेच लोक दारात शहाळी विकायला बसतात.

तर अशी मी बोलघेवडी, आणि छत्तीस वर्षं एक साधं वाक्य माझ्या घशाखालून वर आलं नाही. ते कसं आलं तेच सांगते. मधे बोलू नका, नाहीतर माझा धीर सुटेल.

गेल्या वर्षी दहाव्या महिन्यात, भाताची कापणी उरकल्यावर, हनोईहून मास्तरांकडे एक खोकं आलं. तिथल्या कुणा गृहस्थांना जुनी चुनाळी जमवायचा नाद होता. ते वारले. त्यांच्या बायकोनं चिठ्ठीत लिहिलं होतं, 'हे अकरा म्हातारे रोज माझ्याकडे डोळे वटारून बघतात. यांना गावाकडे परत न्या.' बाईचं काही चुकलं नाही. आमच्याकडे चुनाळ्याला भांडं म्हणतच नाहीत, चुनेआजोबा म्हणतात. नारळाएवढं मातीचं भांडं, वर धरायला कमान, बाजूला तोंड. पानाला चुना लावून झाला की काडी त्या तोंडालाच पुसायची. वर्षानुवर्षं तो चुना थरावर थर चढत जातो आणि तोंड लहान लहान होत जातं. ज्या घरातले आजोबा दणकट त्या घराची भरभराट. त्यांना हात लावायचा तो घरच्या मालकिणीनं. उसने द्यायचे नाहीत, विकायचा तर प्रश्नच नाही. फुटलेच, तर उकिरड्यावर नाही टाकायचे. गावच्या वडाखाली नेऊन ठेवायचे, तिथे सगळ्या घरांचे म्हातारे मुळ्यांमध्ये बसलेले असतात.

मास्तर म्हणाले, "लुआ, हे जरा पुसून ठेव. कोरड्या फडक्यानं, पाणी लावू नकोस."

मी ओसरीत बसून एकेक काढत होते. सातवं हातात आलं आणि मी फडकं बाजूला ठेवलं. कमानीला तांब्याची तार गुंडाळलेली होती, तीन वेढे आणि शेवटी एक वाकडी गाठ. ती गाठ माझ्या सासऱ्यांची. तार मी विसरले असते एक वेळ, पण तोंडावरचा चुना कसा विसरणार? बाकी सगळ्यांच्या तोंडावर तो उजवीकडे चढलेला होता, या एकट्याच्या डावीकडे. आमच्या सासूबाई डावखुऱ्या आहेत.

"काय गं, भूत बघितलंस?" मास्तरांनी विचारलं.

"धूळ गेली नाकात," मी म्हणाले. खोटं बोलायला मला कधीच वेळ लागला नाही.

आता जुनं सांगते.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा एकवीस वर्षांची होते. नवरा ख्वात गरीब गाय. सासरे खाली मान घालून जाळी विणायचे. धाकटा दीर खोई, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, दिवसभर शीळ घालायचा आणि मला 'वहिनीसाहेब' म्हणून चिडवायचा. आणि सासूबाई. पन्नाशीच्या, ओठ पानानं लालभडक, जीभ कातरीसारखी. त्यांनी मला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, खोटं कशाला बोलू? पण एकदा झाडताना मी ते चुनाळं वीतभर सरकवलं, तर त्यांनी शेजारच्या थेऊकाकूला हाक मारून बोलावलं, उदबत्ती लावली आणि तिच्यासमोर मला त्या मडक्याची माफी मागायला लावली. "म्हण, आजोबा, मी अडाणी आहे, माझं चुकलं." मी म्हटलं. थेऊकाकू हाताआड हसत होती. मी त्या दिवशी मनात म्हटलं, थांबा, तुमच्या आजोबांना दाखवते.

दुसऱ्या वर्षी सातव्या महिन्यात सासूबाई माहेरी वडिलांच्या श्राद्धाला गेल्या. निघताना मला नेहमीप्रमाणे ओरडत होत्या, बदकांना कोंडा घातला नाहीस, चूल सारवली नाहीस. घरात मी एकटी. तेवढ्यात सायकलवर भंगारवाला आला. बदकांची पिसं, तांब्याचे तुकडे, बायकांचे गळलेले केस, काय वाट्टेल ते घ्यायचा आणि बदल्यात वस्तू द्यायचा. दारातनं त्याला बांबूच्या खाटेवरचं चुनाळं दिसलं. त्यानं काही न बोलता करंडीतनं एक सपातांची जोडी काढली. पांढऱ्या प्लास्टिकच्या, बक्कलवाल्या. त्या वेळी गावात तशी जोडी फक्त सहकारी सोसायटीच्या हिशेबनिसाच्या मुलीकडे होती.

मी दिलं. भुलले बिलले नाही, फसवलंही नाही कुणी. सपाता हव्याच होत्या, पण त्याहून जास्त ते चुनाळं त्या घरातनं गेलेलं हवं होतं. देताना आतला ओला चुना कालथ्यानं खरवडून काढला आणि खाटेच्या पायाशी जमिनीवर ओतला, म्हणजे फुटल्यासारखं दिसेल. एवढी हुशारी मी पुढे आयुष्यात कुठल्या चांगल्या कामात दाखवली नाही.

दुपार कलताना सासूबाई परतल्या. मी सांगितलं, आजोबा फुटले, तुकडे मी वडाखाली ठेवून आले. मांजरानं पाडले म्हणून सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. पुढचं सांगायला तोंड उघडणार, तर त्याच पांढऱ्या पडलेल्या. हातातली श्राद्धाची शिदोरी खाली ठेवायचं भान त्यांना नव्हतं.

"लुआ," त्या म्हणाल्या, "घाईत निघाले मी. तुला ओरडत होते आणि... मीच काठावर ठेवले होते का गं त्यांना?"

आणि मी म्हटलं, "हो आई. अगदी काठावर."

बस, एवढंच. मांजराचं नाव घ्यायची वेळच आली नाही, त्यांनी स्वतःचं नाव आयतं पुढे केलं. त्या जमिनीवरच्या चुन्यापाशी बसल्या आणि हातानं तो गोळा करायला लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची मजा वाटली. मजा! आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

चाळीस दिवसांनी नदीच्या मुखाशी वादळ आलं आणि मासेमारीला गेलेला खोई परत आला नाही. होडी दुसऱ्या दिवशी मिळाली, तो तिसऱ्या दिवशी. एकोणीस वर्षांचा.

क्रियाकर्म उरकल्यावर सासूबाईंनी आपलं पानाचं तबक उचललं आणि थेऊकाकूला देऊन टाकलं. म्हणाल्या, "मी आजोबांना पाडलं, त्यांनी माझ्या पोराला नेलं. आता कुठल्या तोंडानं पान खाऊ?" त्या दिवसापासून पान बंद. आमच्याकडे पान पुढे केल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. लग्नात, बारशात, भांडण मिटवताना कुणी तबक पुढे केलं की त्या हात जोडायच्या. ओठांचा लाल रंग हळूहळू गेला. दर अमावास्या-पौर्णिमेला वडाखाली जाऊन उदबत्ती लावायच्या, आणि काडेपेटी घेऊन सोबत कोण? मी. "कुठे ठेवलेस गं तुकडे?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी कुठल्याशा मुळीकडे बोट केलं. छत्तीस वर्षं त्या दुसऱ्याच कुणाच्या म्हाताऱ्याला हात जोडत होत्या. खोईचा फोटो पूर्वजांच्या देव्हाऱ्यात आहे. त्याच्यापुढे भात ठेवताना त्यांनी कधी मान वर केली नाही. मला वाटायचं, वयानं मान वाकलीय. मग लक्षात आलं, बाकी सगळीकडे ती चांगली ताठ असते.

तेव्हाच का नाही बोलले? तेव्हा भीती, की घराबाहेर काढतील. मग मुलगी झाली. मग सासरे आजारी. मग वाटलं, आता सांगून खोई थोडाच येणार आहे. नऊ वर्षांपूर्वी ख्वात गेला. त्याच्या उशाशी महिनाभर बसले होते, त्यालाही नाही सांगितलं. मुलगी जपानात कारखान्यात. घरात आम्ही दोघीच, एका ताटात मासे, एका किटलीत चहा. आता त्या मला ओरडतही नाहीत. उलट लोकांना सांगतात, "सून नाही, लेक आहे माझी." हे ऐकताना जे व्हायचं ते माझं मला माहीत.

तर ते चुनाळं हातात घेऊन मी ओसरीत बसले होते. पहिला विचार काय आला सांगू? सांगून टाकावं असा नाही आला. लपवायचं कुठे, हा आला.

"मास्तर, हे तडकलंय. माळ्यावर टाकू?"

"बघू." त्यांनी चष्मा वर केला. चुनाळं उजेडाकडे फिरवून बघितलं आणि लहान मुलासारखे हरखले. "अगं लुआ! चुना बघ कुठल्या बाजूला चढलाय! डावखुरी बाई होती ही, डावखुरी! हे मधोमध ठेवायचं. उद्घाटनाला मी सगळ्यांना हेच कोडं घालणार."

पान-सुपारीची नवी खोली ते उघडणार होते आणि गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या बायकांना आमंत्रण होतं. पहिल्या रांगेत मधली खुर्ची आमच्या सासूबाईंची, कारण शहाऐंशी पूर्ण केलेली बाई गावात दुसरी नाही.

दोन दिवस मी काय काय केलं! चुनाळ्याचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं, मास्तरांनी परत फिरवलं. तार सोडवायला गेले, पण सासऱ्यांची गाठ सुटेना. घरी सासूबाईंना म्हटलं, "आई, थंडी आहे, तुमचे गुडघे दुखतील. तिथे काय, तेच तेच भंगार."

"तूच म्हणतेस होय भंगार? आणि पगार कशाचा घेतेस?" त्या म्हणाल्या. "मास्तरांनी घरी येऊन बोलावलंय. माझा तपकिरी झगा काढ. आणि डोक्याचं मखमली फडकं."

झगा मीच काढून दिला. बटणंही मीच लावली.

त्या सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. पंधरा-वीस म्हाताऱ्या बाकांवर बसलेल्या, तोंडं चालू, पिकदाण्या फिरतायत, थेऊकाकू सगळ्यांत मोठ्यानं बोलतेय. सासूबाई मधल्या खुर्चीत, हात मांडीवर. कुणीतरी पान पुढे केलं, त्यांनी हात जोडले.

"ख्वातच्या आई, अहो आज तरी घ्या," थेऊकाकू म्हणाली. "पान-सुपारीच्या खोलीत बसून पानाला नाही म्हणता, मास्तर तुम्हालाच काचेच्या कपाटात ठेवतील."

सगळ्या हसल्या. सासूबाईही हसल्या. मी दाराशी उभी होते. एरवी अशा वेळी पहिला विनोद माझा असतो.

मास्तरांनी चुनाळ्यावरचा रुमाल काढला. "आता सांगा बायांनो, यात काय वेगळं आहे?"

बायका माना पुढे काढून बघायला लागल्या. सासूबाई काठी टेकत उठल्या, चुनाळ्यापाशी गेल्या आणि डावा हात त्याच्या तोंडावर ठेवला. बोट बरोब्बर त्या चुन्याच्या खळग्यात बसलं. मग कमान चाचपली. तार. गाठ.

"आजोबा," त्या हळूच म्हणाल्या.

मग चुनाळं उचलून त्यांनी सगळीकडून फिरवलं. "हे तर फुटले होते. चीर कुठाय?" मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, हे वडाखालचे आमचे आजोबा. तुम्ही उचलून आणलेत?"

वडाखालची वस्तू उचलणं म्हणजे आमच्या गावात कबर उकरण्यासारखंच. मास्तरांचा चेहरा उतरला.

"काय बोलताय! हनोईहून खोकं आलं त्यात होतं. मी वडाखालच्या काडीला तरी हात लावेन का?"

"मग हनोईला नेलं कुणी?" मागून एक आवाज आला. "गावभर दारोदार हिंडून जुनं गोळा करणारा माणूस एकच आहे."

"हो ना. आणि हनोईत असे कारागीर आहेत, फुटकं सांधतात ते कळतसुद्धा नाही," थेऊकाकू म्हणाली.

मी सगळं ऐकत होते. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. का, तर त्यांना वाटलं, लुआ बोलेल, लुआनंच खोकं उघडलंय, लुआ आपली बाजू घेईल. ज्या माणसानं नवरा गेल्यावर मला बोलावून काम दिलं, तो माझ्याकडे बघत होता आणि मी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होते.

मास्तर वाकले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, अर्ध्या गावाला अक्षर शिकवलेला, कमरेत वाकून म्हणाला, "ख्वातच्या आई, मी चौकशी न करता घेतलं. माझ्या दारात आलं म्हणजे चूक माझी. माफ करा."

तेव्हाही मी बोलले नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, बाई तशी चांगली.

सासूबाईंनी चुनाळं परत जागेवर ठेवलं. काठापासून चांगलं आत सरकवलं. आणि काठी बाजूला ठेवून त्या खाली बसायला लागल्या. त्यांचे गुडघे वाकत नाहीत. घरात त्या स्टुलावर बसून जेवतात. एक हात भिंतीला लावून, कण्हत, एक गुडघा त्यांनी जमिनीला टेकवला.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतः सांधले जाऊन परत आलात. मी पाडलं तुम्हाला. माझ्या हातानं काठावर ठेवलं. पोराला नेलंत, मी काही बोलले नाही, माझंच चुकलं होतं. आता मी मरायला टेकलेय. वर गेल्यावर त्याला तोंड दाखवू द्या. एवढी माफी द्या."

आणि दुसरा गुडघा टेकवायला गेल्या.

"आई, उठा!" मी ओरडले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "उठा आई. तुम्ही नाही पाडलं. काठावर नव्हतं ते. खाटेच्या मधोमध होतं. फुटलंच नाही कधी. मी विकलं. भंगारवाल्याला दिलं मी."

कुणाच्या तरी हातातली पिकदाणी खाली पडली. मी सासूबाईंच्या काखेत हात घालून त्यांना उठवायला गेले. त्यांनी माझा हात काढला. मारला नाही, झटकला नाही, नुसता काढून बाजूला ठेवला. मास्तरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "कशाच्या बदल्यात?"

वीस बायकांसमोर मी म्हटलं, "सपातांच्या."

"कुठल्या?"

"पांढऱ्या. बक्कलवाल्या."

"त्या तुझ्या भावानं नाम दिन्हहून पाठवल्या होत्या."

"नाही आई. मी खोटं सांगितलं होतं."

त्यांनी मान हलवली, जणू बाजारात भाव ऐकून घेतायत. मग म्हणाल्या, "त्या तुला लहान होत्या. टाचा सोलून निघाल्या होत्या तुझ्या. खोईनं सुरी तापवून मागच्या पट्ट्या कापून दिल्या. 'वहिनीसाहेब, आता चाला राणीसारख्या,' म्हणाला."

हे मघाशी मी गाळलं होतं. त्या आठवतील असं वाटलं नव्हतं.

त्या उठल्या, काठी घेतली आणि निघाल्या. मी मागे चार पावलांवर त्यांचं स्टूल घेऊन चालत होते, कारण वाटेत दोनदा त्यांना बसावं लागतं. पहिल्यांदा बसायची जागा आली, मी स्टूल ठेवलं, त्या उभ्याच राहिल्या. दुसऱ्यांदाही तेच. तशाच धापा टाकत घरापर्यंत चालत गेल्या.

त्यानंतर आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी वाढलेलं जेवायच्या, औषध घ्यायच्या, पण शब्द नाही. त्यांनी शिव्या द्याव्यात म्हणून मी मुद्दाम आमटी खारट केली. त्यांनी निमूटपणे पाणी घालून खाल्ली. गावात तर मला बघून बायका बोलणं थांबवायच्या. थेऊकाकूनं विहिरीवर विचारलंच, "काय लुआ, सपाता टिकल्या का गं बऱ्याच?" मी बादली घेऊन घरी आले. त्या सपाता मी खोई मिळाला त्याच दिवशी तळ्यात फेकल्या होत्या, पण ते सांगून काय पुण्य पदरात पडणार होतं?

पाचव्या दिवशी मास्तर आले. चुनाळं रुमालात गुंडाळून आणलं होतं. "ख्वातच्या आई, तुमचं तुमच्या घरी."

"नको मास्तर," सासूबाई म्हणाल्या. "तिथेच राहू द्या मधोमध. तुम्हाला मी भलतंच बोलले. त्याची माफी मी मागते."

"अहो, तुम्ही कशाला..." मास्तर कावरेबावरे झाले. मग म्हणाले, "त्याच्यापुढे पाटी लावायची आहे. काय लिहू?"

"ते हिला विचारा." त्यांनी माझ्याकडे हनुवटी केली. "बोलायची हौस आहे ना हिला? जे झालं ते लिहायचं. आणि येईल त्या माणसाला हिनं तोंडानं सांगायचं. नांगराचं सांगते तसं."

तेव्हापासून मी सांगते. आधी इरलं, मग टोपली, मग हे. सुरुवातीला लोक हसतात, त्यांना वाटतं माझा विनोद चाललाय.

नवव्या दिवशी सकाळी मी बदकांना कोंडा घालून घरात आले. सासूबाई देव्हाऱ्यासमोर स्टुलावर बसलेल्या. पुढ्यात एक तबक. त्यांचंच जुनं तबक, थेऊकाकूकडून मागून आणलेलं. दोन पानं, एक ओली सुपारी, डबीत चुना, आणि थेऊकाकूचा पितळी खलबत्ता.

"दात नाहीत मला," त्या म्हणाल्या. नऊ दिवसांतला माझ्याशी पहिला शब्द. "कुट."

मी खाली बसले आणि कुटायला लागले. खलबत्ता वाजत होता. सुपारी उडून दोनदा बाहेर पडली. मी आई म्हणणार होते, काहीतरी म्हणणार होते. त्यांनी मान हलवून थांबवलं.

कुटलेलं पान मी तळहातावर दिलं. त्यांनी डाव्या हातानं उचलून तोंडात घातलं. छत्तीस वर्षांनी. हळूहळू चघळत राहिल्या. कपाळावर घाम आला, कान लाल झाले, ओठांच्या कडेला तो जुना रंग उतरायला लागला. मी पिकदाणी धरून बसले होते.

मग त्यांनी मान वर केली. सरळ. खोईच्या फोटोकडे बघितलं. तो त्यात हसतोय, एक दात किंचित पुढे आहे. त्या बघत राहिल्या.

"खोई," त्या म्हणाल्या, "मी नाही रे पाडलं."

माझ्या हातातली पिकदाणी हलत होती. त्यांनी ती एका बोटानं दाबून स्थिर केली, आत थुंकल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चुना कमी झालाय. अजून एक कुट."